सौ. लिहायचे की श्रीमती?

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत सुगी उरकली की हेळवी येतो. पूर्वी तो बैलावर बसून यायचा. काखेत वह्यांचे बाड, तोंडात नावांची माळ. ओसरीवर बसून तो घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतो. मूळ पुरुष कुठल्या गावाहून आला, त्याला मुलगे किती, कोणाचा विस्तार वाढला, कोणाची शाखा खुंटली, सगळे एका दमात. मग गेल्या फेरीनंतर घरात कोण जन्मले आणि कोण गेले, हे विचारून तो नोंद करतो आणि धान्य, कपडा, दक्षिणा घेऊन पुढच्या घरी जातो.

कोयनेच्या खोऱ्यात अशा नोंदीचे मोल जास्तच आहे. कोयनानगरचे धरण झाले आणि शिवसागराच्या पाण्याने इथली गावेच्या गावे पोटात घेतली. माणसे रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीकडे पांगली. घर, शेत, देऊळ पाण्याखाली गेले, की आपण कोणाचे हे सांगायला नावांची साखळीच उरते. ती साखळी जन्म आणि मृत्यू या दोन कड्यांवर पेललेली असते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरले आणि सुमारे १८० माणसे गेली. ते दुःख फार मोठे होते. पण माणूस कुठे गेला, कोणत्या दिवशी गेला, हे त्या घरांना कळले. तिथी ठरली, श्राद्ध ठरले, वंशावळीत नोंद झाली.

सैनिकाच्या घरात मात्र कधी कधी ही नोंदच होऊ शकत नाही. सातारा जिल्हा हा सैनिकांचा जिल्हा. इथल्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जवान परतले नाहीत आणि गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला. अशा मुलखातल्या माणसाला 'कामी आला' आणि 'परत आला' हे दोन्ही शब्द चांगले ठाऊक असतात. तिसरा शब्द 'बेपत्ता'. त्याच्यासाठी वंशावळीत जागा नाही. तो मेला असे लिहिता येत नाही आणि जिवंत आहे असेही लिहिता येत नाही. ही रिकामी जागा घरातले एकच माणूस रोज उठून सांभाळते, आणि नेमके त्याचेच नाव पुरुषांच्या नावाने चालणाऱ्या वंशावळीत बहुधा नसते. ते माणूस म्हणजे त्याची पत्नी.

हे सारे एका मराठी लढाऊ वैमानिकाच्या आणि त्याच्या पत्नीच्या आयुष्यात जसे घडले, तसे क्वचितच कुठे घडले असेल. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे आणि दमयंती तांबे.

एक आसन, एक माणूस

दमयंती या माहेरच्या सुभेदार, अलाहाबादच्या. बॅडमिंटनमध्ये महिला एकेरीच्या तीन वेळच्या राष्ट्रीय विजेत्या. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे विजय तांब्यांशी लग्न झाले. विजय भारतीय हवाई दलाच्या ३२ व्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ चालवत होते. दोघांचीही उमेदीची वर्षे. संसार दोन वर्षांचाही झाला नव्हता, तोच युद्ध सुरू झाले.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी हवाई दलाने आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर हल्ला केला. लगेच आपल्या विमानांनी पलीकडच्या तळांवर प्रतिहल्ले सुरू केले. त्यात सुखोई-७ आघाडीवर होते. हे रशियन विमान १९६८ पासून आपल्याकडे आलेले. नाकातच हवा घेणारे तोंड, एक इंजिन, एक आसन आणि पंखांच्या मुळाशी ३० मिलिमीटरच्या दोन तोफा. बांधा दणकट, मार सोसून परतणारा. पण इंधन भराभर संपायचे आणि पल्ला बेताचा. म्हणून लक्ष्य गाठायचे, एक-दोन फेऱ्यांत काम उरकायचे आणि परतायचे, अशीच त्याची रीत होती.

पाकिस्तानी पंजाबात शोरकोटजवळ रफीकी हा हवाई तळ आहे. त्या भागावरच्या हल्ल्यात विजय तांबे यांचे विमान पडले. सरकारी यादीत तारीख आहे ५ डिसेंबर १९७१.

पायदळातला जवान पडतो तेव्हा शेजारच्या खंदकात कोणी तरी असते. त्याची शेवटची हाक कोणी तरी ऐकलेली असते. एकासनी विमानातला वैमानिक मात्र अखेरच्या क्षणी अगदी एकटा असतो. विमाने जमिनीलगत, प्रचंड वेगाने जात असतात. विमानवेधी तोफा खालून आग ओकत असतात. बरोबरच्या वैमानिकाला आपले विमान सांभाळायचे असते. मागे वळून पाहायला त्याच्याकडे एखादा सेकंदच असतो. त्या सेकंदात त्याला धूर दिसतो, कधी छत्री दिसते, बहुधा काहीच दिसत नाही. वैमानिक आसनासकट बाहेर फेकला गेला का, छत्री उघडली का, तो जिवंत उतरला का, हे फक्त खालच्या शत्रूला ठाऊक असते. म्हणून वैमानिकाच्या घरी येणाऱ्या तारेत 'बेपत्ता' हा शब्द इतक्या वेळा असतो. आणि त्याच कारणाने वैमानिकांच्या घरची आशाही चिवट असते, कारण छत्री ही खरोखरची शक्यता असते.

ती शक्यता किती खरी, हे दुसऱ्या एका मराठी वैमानिकाने दाखवून दिले. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर हेही सुखोई-७ चेच वैमानिक, २६ व्या स्क्वाड्रनचे. १० डिसेंबरला त्यांचे विमान पडले, ते छत्रीने उतरले आणि पकडले गेले. रावळपिंडीच्या कैदी छावणीत असताना १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री ते आणि ग्रेवाल, हरीश सिंहजी हे दोन सोबती कोठडीच्या भिंतीला भोक पाडून निसटले. अफगाण सीमेपासून थोड्याच अंतरावर, लंडी कोतल भागात, ते पुन्हा पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ ला वाघा सीमेवर भारतीय युद्धकैदी परत आले, त्यांत परुळकर होते. विजय तांबे नव्हते.

वुमकर आणि टोम्बे

पण युद्धाच्या पहिल्या दिवसांतच पाकिस्तानातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात एक बातमी छापून आली होती. पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडले गेल्याची. त्यांतल्या एकाचे नाव होते 'फ्लाइट लेफ्टनंट टोम्बे'. भारतीय हवाई दलात या नावाच्या जवळ जाणारा वैमानिक एकच होता. दमयंतींच्या पुढच्या साऱ्या आयुष्याला त्या एका चुकीच्या हिज्जाचा आधार मिळाला.

परक्या कानाने ऐकलेले आणि परक्या हाताने लिहिलेले मराठी नाव कसे होते, याचे उदाहरण पहिल्या महायुद्धातही आहे. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर केंब्रिजला शिकले आणि ब्रिटिश उड्डाण दलात दाखल झाले. २३ व्या स्क्वाड्रनमधून ते सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान चालवत. २७ जून १९१८ ला ते उडाले आणि परतले नाहीत. घरी 'बेपत्ता' एवढेच कळले. युद्ध संपल्यावर शोधाशोध झाली, तेव्हा जर्मनांनी पुरलेल्या एका अधिकाऱ्याची कबर सापडली. तिच्यावर नाव होते 'वुमकर'. कुटुंबाच्या परिचयातल्या माणसांनी पाठपुरावा केला आणि हा वुमकर म्हणजे वेलिंगकर हे सिद्ध झाले. जखमी होऊन शत्रूच्या ताब्यात ३० जूनला त्यांचा अंत झाला होता. आज फ्रान्समधल्या हांगार गावच्या दफनभूमीत त्यांच्या कबरीवर त्यांचे खरे नाव आहे.

वुमकरखाली कबर होती, म्हणून वेलिंगकर सापडले. टोम्बेखाली फक्त वर्तमानपत्राचा कागद होता.

खरे तर १९४९ च्या जिनिव्हा कराराने ही पाळी कोणावर येऊ नये अशी व्यवस्था केली आहे. पकडलेल्या सैनिकाने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक सांगायचा. छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत त्याच्या नावाचे एक पत्रक घरी आणि मध्यवर्ती संस्थेकडे जाईल, हे पकडणाऱ्या देशाने पाहायचे. लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडायचे. नावाचा उच्चार चुकला तरी क्रमांक चुकत नाही, आणि त्या क्रमांकाने घर शोधता येते. तांब्यांच्या घरी असे पत्रक आले नाही. युद्धकैद्यांच्या यादीत नाव नाही, मृतांच्या यादीत नाव नाही, वर्तमानपत्रात मात्र आहे. अशा तिढ्यात ते घर सापडले.

आणि ते एकटे नव्हते. डिसेंबर १९७१ मध्येच 'टाइम' साप्ताहिकात गजांआडच्या एका भारतीय कैद्याचे छायाचित्र छापून आले. मेजर अशोककुमार घोष यांच्या घरच्यांनी ते ओळखले. १९७४ च्या अखेरीस मेजर अशोक सुरी यांच्या वडिलांना पाकिस्तानातून मुलाच्या हातचे पत्र आले. या दोघांपैकी कोणीही परतले नाही. १९७९ मध्ये सरकारने लोकसभेत पाकिस्तानच्या कैदेत असल्याचे मानल्या जाणाऱ्या ४० जणांची यादी दिली. पुढे ती ५४ नावांची झाली. पाकिस्तानने मात्र आपल्याकडे असे कैदी नाहीत, हेच सतत सांगितले.

पार्वतीबाईंचा प्रश्न

मराठी माणसाला हा तिढा नवा नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई रणभूमीच्या जवळच होत्या. त्या वाचल्या, दक्षिणेत परत आल्या. भाऊ गेले हे त्यांनी मानले नाही आणि वैधव्याची चिन्हे घेतली नाहीत. मग एक माणूस मीच भाऊ म्हणत उभा राहिला. त्याच्यामागे माणसे जमली, किल्ले गेले, आणि १७७६ मध्ये ते तोतयाचे बंड मोडून काढावे लागले. बेपत्ता माणसाची रिकामी जागा एका घरापुरती राहत नाही, ती राज्यालाही हलवू शकते. तोतयाला बळ मिळाले ते लोकांच्या आशेतून, आणि तीच आशा पार्वतीबाईंच्या कपाळावरच्या कुंकवातही होती.

आपल्या समाजाने विवाहित स्त्रीला दोनच नावे दिली: सौभाग्यवती आणि गंगाभागीरथी. लग्नपत्रिकेवर नाव घालताना 'सौ.' लिहायचे की 'श्रीमती', हे आपण क्षणभरही विचार न करता ठरवतो. हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचे, ओटी कोणाची भरायची, हेही त्याच एका अक्षरावर ठरते. बेपत्ता सैनिकाच्या पत्नीसाठी अक्षरच नाही. तिला 'सौ.' म्हटले तर ऐकणारा कोणी तरी हळहळतो आणि 'श्रीमती' म्हटले तर तिच्या तोंडावर आपण तिच्या नवऱ्याला मारलेले असते. आपल्या भाषेतल्या या उणिवेचा भार दर लग्नकार्यात त्या बाईला उचलावा लागतो.

शास्त्राने मार्ग काढला तो बारा वर्षांचा. परागंदा माणसाची बारा वर्षे वाट पाहायची, मग पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यायचा. यालाच पालाशविधी म्हणतात. त्यामागे एक शहाणपण आहे. दुःखाला सुरुवात करता यावी म्हणून देह लागतो, आणि देह नसेल तर निदान पानांचा देह लागतो. पण त्या विधीलाही घरच्यांची संमती लागते. आता वाट पाहणार नाही, असे कोणी तरी म्हणावे लागते.

कायद्याची सात वर्षे

कायद्याने बाराऐवजी सात वर्षे धरली. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे १०८ वे कलम सांगत होते की, ज्यांना एखाद्याची खबर सहज मिळाली असती अशा माणसांना सात वर्षे त्याची काहीच खबर मिळाली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. त्याच्या जागी आलेल्या नव्या साक्ष कायद्यानेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही सात वर्षे खबर नसलेल्या जोडीदारापासून घटस्फोट घेण्याची मुभा दिली.

हे कायदे निर्दय नाहीत. सातबारावर वारसनोंद व्हायची असते, विमा आणि निवृत्तिवेतन मिळायचे असते, मागे राहिलेल्या तरुण मुलीला नवे आयुष्य मांडायचे असते. ज्या स्त्रियांनी सात वर्षांनंतर पुन्हा लग्न केले, त्यांच्या निष्ठेत तसूभरही उणे नव्हते. पण कायदा जे मानतो ते केवळ गृहीतक असते. तांब्यांच्या प्रकरणात तर 'खबर नाही' हेच खरे नव्हते. खबर होती, अर्धीमुर्धी, पण होती. काही वर्षांनी कुटुंबापर्यंत आणखी एक निरोप आला. बांगलादेशच्या नौदलातला एक अधिकारी लायलपूरच्या, म्हणजे आताच्या फैसलाबादच्या, तुरुंगात होता. तिथे तांबे नावाचा भारतीय कैदी असल्याचे त्याने सांगितले होते.

युद्ध झाले तेव्हा दमयंती पंचविशीच्याही आतल्या होत्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी धरली, तिथल्या मुलामुलींना खेळायला लावले आणि उरलेल्या वेळात शोध घेतला. शोध म्हणजे काय, तर मंत्रालयांच्या पायऱ्या, अर्ज, स्मरणपत्रे, इतर बेपत्ता सैनिकांच्या घरच्यांशी बांधलेला संपर्क, कोणी सुटून आला की त्याला जाऊन विचारणे. १९८३ मध्ये काही नातेवाइकांना पाकिस्तानात जायची परवानगी मिळाली. हाती काही लागले नाही. जून २००७ मध्ये चौदा नातेवाइकांचा गट पुन्हा गेला आणि त्यात दमयंती होत्या. लाहोरपासून कराचीपर्यंतचे तुरुंग त्यांनी पाहिले. आपले कोणीही दिसले नाही. छत्तीस वर्षांनंतर परक्या देशातल्या तुरुंगाच्या दारात उभे राहून चेहरे पाहायचे, त्या चेहऱ्यावर छत्तीस वर्षांचे म्हातारपण मनाने चढवायचे आणि त्यात आपला तरुण नवरा शोधायचा, हे कसले काम असेल! सैनिकाच्या शौर्यासाठी आपल्याकडे पदके आहेत. या शौर्यासाठी एकही नाही.

डिसेंबर २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याचा आदेश सरकारला दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याला स्थगिती दिली. चंदर सुता डोगरा यांच्या 'मिसिंग इन अ‍ॅक्शन' या पुस्तकाने या सगळ्या कागदपत्रांचा धांडोळा घेतला आहे. ते वाचताना ज्या नोंदी सरकारने ठेवायला हव्या होत्या त्या अनेकदा घरांतल्या बायकांनी, बहिणींनी आणि म्हाताऱ्या वडिलांनी ठेवल्या, हे पानोपानी जाणवते.

तुमच्या वंशावळीत सैनिक असेल तर

आपल्यापैकी अनेकांच्या घरी भिंतीवर गणवेशातला एक फोटो असतो आणि त्याच्याविषयी 'लढाईत होते' यापलीकडे काही ठाऊक नसते. वंशावळ करायला बसलात, तर त्याच्यासाठी थोडे जास्त कष्ट घ्या.

सर्वांत आधी सैनिक क्रमांक शोधा. नावात वुमकर आणि टोम्बे होतात, क्रमांकात होत नाहीत. तो सेवापुस्तिकेत, निवृत्तिवेतनाच्या कागदावर किंवा थेट पदकाच्या कडेवर कोरलेला सापडतो. मग पलटण किंवा स्क्वाड्रनचे नाव. दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत आहेत. तिथे शोधताना आपल्या आडनावाचे इंग्रजीतले सगळे चुकीचे हिज्जेही घालून पाहा. स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची नावे २०१९ मध्ये उभ्या राहिलेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय वाट दाखवते. आणि ट्रंकेच्या तळाशी असलेली पत्रे टाकू नका. त्यांवरचा लष्करी टपालाचा शिक्का पुष्कळ काही सांगतो.

माणूस बेपत्ता असेल तर मृत्यूच्या रकान्यात अंदाजाने तारीख भरू नका. शेवटचे कोणी, कुठे, कधी पाहिले, तेवढेच लिहा. उरलेली जागा कोरी ठेवा. कोऱ्या जागेलाही अर्थ असतो. पुढची पिढी तिथे थांबते आणि विचारते.

आणि त्याच्या शेजारी त्याच्या पत्नीचे नाव लिहा. नुसते 'पत्नी' नाही. तिचे नाव, माहेर, लग्नाचे वर्ष, ती किती वर्षे काय करत राहिली, सगळे. 'सौ.' की 'श्रीमती', हा प्रश्न पडला तर दोन्ही सोडून द्या. विजय वसंत तांबे, फ्लाइट लेफ्टनंट, ३२ वे स्क्वाड्रन, ५ डिसेंबर १९७१, शोरकोट. दमयंती, माहेरच्या सुभेदार, अलाहाबाद, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, विवाह १९७०. हेळव्याला पुढच्या सुगीला हीच ओळ वाचायला सांगा, आणि दोन्ही नावे एका दमात म्हणायला सांगा.